सर्टिफिकेट भेटंल का?

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे गुरुजन, खुर्च्या कमी पडल्यामुळे खाली आमच्यात येऊन बसलेले गुरुजन, आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींनो! पंचेचाळिशीच्या माणसांना मुलंमुली म्हणून हाक मारता येते अशी जागा हीच, त्यामुळे मी ती संधी घेते.

आपण दहावी झालो तेव्हा पत्त्यात शेवटी 'जिल्हा धुळे' लिहायचो. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, तोवर आपण अकरावी संपवली होती. म्हणजे आपण या जिल्ह्याहून वयाने मोठे आहोत. आज इथे जो बोलेल त्याने जिल्ह्याला वडीलकीच्या नात्याने दोन शब्द सुनवावेत अशी अपेक्षा असणार. संयोजकांनी मला विषयही तसाच दिलाय, 'एआयच्या युगात आपल्या मुलांचं करिअर'. त्यावर व्हॉट्सअॅपवर रोज चार भाषणं येतात, पाचवं मी करत नाही. मी तुम्हाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या बैठकीला आली तेव्हा काय झालं ते सांगणार आहे. शहादा तालुक्यातलीच आहे. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय.

आधी या बैठका म्हणजे काय ते थोडक्यात. पुण्यात, नाशकात, मुंबईत सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं महिन्यातून एखाद्या शनिवारी जमतात. त्याला मीटअप म्हणतात. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. कुणीतरी कंपनी आपला हॉल देते, कुणीतरी चहा-समोसे आणतं. दोन-तीन जण उभे राहून आपण काय केलं, कुठे अडलो ते सांगतात, बाकीचे त्यांना अडवून अडवून विचारतात. शेवटी कुणालाही पाच मिनिटं बोलता येतं.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला होते तेव्हा हे सगळं लिनक्सवाल्यांचं असायचं. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप, त्याला सगळे 'प्लग' म्हणायचे. इंटरनेट महाग आणि हळू. लिनक्स हवं असेल तर 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीची वाट पाहायची, नाहीतर या बैठकीला कोरी सीडी घेऊन जायचं आणि कुणाकडून तरी लिहून घ्यायची. लोक स्कूटरच्या फूटबोर्डवर कॉम्प्युटरचा अख्खा डबा ठेवून आणायचे, कारण घरी लिनक्स बसवताना विंडोज उडालेलं असायचं. पुढे मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मोठा मेळा फेब्रुवारीत भरायला लागला. २००९ मध्ये बंगळुरूला सुरू झालेली पायथॉनवाल्यांची परिषद, पायकॉन इंडिया, २०११ च्या सप्टेंबरात पुण्यात भरली, तेव्हा पायथॉन भाषा घडवणाऱ्यांपैकी रेमंड हेटिंगर मुख्य भाषणाला आले होते. यातल्या काही बैठका अगदी कंटाळवाण्या असतात हेही सांगते. कुणीतरी आपल्या कंपनीचा माल विकायला येतो आणि चाळीस मिनिटं सोडत नाही. पण आपल्या साड्यांच्या दुकानातही पहिली दहा पातळं तशीच असतात की.

तर ही मुलगी. आपल्याच एका वर्गमित्राने तिला माझा नंबर दिला. तिला इंटर्नशिप हवी होती. मी म्हटलं, इंटर्नशिपचं नंतर पाहू, आधी एका शनिवारी पुण्याला ये, तुला एका बैठकीला नेते. दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन. त्यांची पपई आणि केळी आहे. त्यांनी फार नम्रपणे तीन प्रश्न विचारले. किती पैसे भरायचे? मी म्हटलं, काही नाही. नोकरी लागते का? मी म्हटलं, तिथे नाही. मग थोडं थांबून, "सर्टिफिकेट भेटंल का?"

तेही नाही म्हटल्यावर फोनवर जी शांतता झाली ती तुम्ही ओळखू शकता. आपल्या सगळ्यांच्या घरी ती होती. रात्रभर एसटीने सारंगखेडा, दोंडाईचा, धुळे करत पुण्याला जायचं, मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून सोबत स्वतः यायचं, दोन दिवस शेतातलं काम सोडायचं आणि हाती कागदाचा तुकडाही नाही. यात त्यांचं काही चूक आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे कागदाशिवाय कुणी उभं करत नाही, हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

तरी ते आले. दोघं आले. पावसाळ्याचे दिवस होते, मी त्यांना शिवाजीनगरला घ्यायला गेले आणि घरी नाश्ता करून आम्ही त्या कंपनीत पोचलो. खाली सिक्युरिटीवाल्याने वही पुढे केली. नाव, मोबाइल, लॅपटॉपचा नंबर आणि कंपनी. तिने कॉलेजचं नाव लिहिलं. वडिलांनी 'कंपनी'च्या रकान्यात लिहिलं, शेती. वरच्या मशीनमधून छापलेला बिल्ला आला तो तसाच, आणि सफेद टोपी, सदरा, गळ्यात 'कंपनी : शेती' असा बिल्ला लावून ते शेवटच्या रांगेत बसले. मुलगी त्यांच्या शेजारी. मी पुढे बस म्हटलं, ती हलली नाही.

ओळखी सुरू झाल्या. प्रत्येक जण नाव, कंपनी, किती वर्षं अनुभव असं इंग्रजीत सांगत होता. ओळख तिच्यापर्यंत आली तेव्हा ती एवढ्या हळू बोलली की सूत्रसंचालकाने दोनदा "सॉरी?" विचारलं. पहिल्या भाषणाभर तिने मान वर केली नाही. मला वाटलं, झालं, हिला उगाच आणलं.

दुसरं भाषण आधारवर होतं. आपण रेशनला, बँकेत अंगठा लावतो तेव्हा आत काय होतं, यावर. मशीन अंगठ्याच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात ते बिंदू टिपतं, ते कुलूपबंद करून मुख्य केंद्राकडे पाठवतं, आणि तिकडून उत्तर येतं ते एवढंच, होय किंवा नाही. बोलणारा मुलगा दाक्षिणात्य, हुशार, बोलणं स्वच्छ. त्याने पहिलीच पाटी लावली, पहिला आधार क्रमांक, २९ सप्टेंबर २०१०, आणि खाली गावाचं नाव. ते त्याने 'टेम्बाली' की काय असं वाचलं आणि सहज म्हणाला, महाराष्ट्रात कुठेतरी आहे, कुणाला माहीत आहे का?

पन्नास-साठ माणसं. पुण्यात जन्म काढलेली. कुणाला माहीत नव्हतं. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "टेंभली. आमच्या तालुक्यात आहे."

या वेळी कुणी "सॉरी?" म्हटलं नाही. साठ माना मागे वळल्या. आपल्या सगळ्यांना तो दिवस आठवतो, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभलीला आले होते, रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला होता. ही तेव्हा पाच वर्षांची होती, वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दी बघायला गेली होती. तेवढंच तिने सांगितलं. पण त्या मुलाने आपलं भाषण तिथेच थांबवलं आणि तिला विचारलं, मग आता तुमच्याकडे हे मशीन कसं चालतं?

तिने वडिलांकडे पाहिलं. वडील उभे राहिले आणि मराठीत, आपल्या खान्देशी मराठीत, बोलायला लागले. पपई तोडायला ज्या बाया येतात त्यांच्या बोटांना पपईचा चीक लागतो, तो कातडं खातो. हंगामात त्यांचे अंगठे मशीन घेतच नाही. मग दुकानदार म्हणतो दुसरं बोट लाव, तिसरं लाव, उद्या ये. उद्या आलं तर रेंज नसते. वर धडगाव-अक्कलकुव्याकडे तर रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं. ते बोलत होते आणि मी इंग्रजीत सांगत होते. दोन-तीन वाक्यांनंतर मराठी न येणाऱ्यांना शेजारचेच सांगायला लागले, मला काम उरलं नाही.

मग जी चर्चा झाली ती मला गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या कॉन्फरन्समध्ये ऐकायला मिळाली नव्हती. दहा बोटांपैकी कोणतं नीट उमटतं हे आधीच शोधून ठेवायची सोय आधारमध्ये आहे, ती गावात कुणाला माहीत असते का? डोळ्याचं मशीन किती दुकानांत असतं? मोबाइलवर नंबर येतो म्हणावं, तर मोबाइल कुणाच्या नावावर असतो, बाईच्या की नवऱ्याच्या? चहाच्या वेळी वडिलांभोवती सात-आठ जण. एक जण त्यांच्या अंगठ्याचा फोटो काढत होता. ते मला नंतर म्हणाले, ताई, हे लोक मोठ्या पगाराचे दिसतात, पण यांना कुणी काही सांगितलेलंच नाही.

दुसऱ्या खेपेला, दोन महिन्यांनी, ती एका मैत्रिणीबरोबर आली आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी स्वतःहून नाव दिलं. तिची मावशी एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. तीनशेवर मुलांची यादी, प्रत्येकाचा बारा आकडी आधार क्रमांक, हाताने टाइप केलेला. एक आकडा चुकला की शिष्यवृत्ती अडकते आणि ते कळतं सहा महिन्यांनी. तशात एक्सेलमध्ये बारा आकडे टाकले की तो ते आखडून, मध्ये 'ई' घालून दाखवतो, हे इथे बसलेल्या ज्या सरांनी याद्या केल्यात त्यांना सांगायला नको. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. यादी द्यायची, तो चुकीचे क्रमांक लाल करून देतो.

चुकीचे कसे कळतात? इथे मी आपल्या गणिताच्या सरांकडे बघून बोलते, कारण हे त्यांना आवडेल. आधारचा बारावा आकडा हा पहिल्या अकरांवरून काढलेला असतो, पडताळ्यासाठी. आपण शाळेत नऊने ताळा करायचो तसंच. पण नऊच्या ताळ्यात एक खोट आहे. ४७ च्या जागी ७४ लिहिलं तरी बेरीज अकराच, ताळा जमतो. आणि टाइप करताना माणूस नेमकी तीच चूक करतो, शेजारचे दोन आकडे उलटे. याकोबुस व्हर्हूफ नावाच्या डच गणितीने १९६९ मध्ये यावर उपाय मांडला. पुठ्ठ्याचा एक नियमित पंचकोन कापा. तो पाच प्रकारे फिरवता येतो, आणि उलटा करून आणखी पाच प्रकारे ठेवता येतो. एकूण दहा, म्हणजे शून्य ते नऊ आकड्यांना एकेक. गंमत अशी, की आधी फिरवून मग उलटा केला आणि आधी उलटा करून मग फिरवला तर पंचकोन वेगळ्या जागी थांबतो. बेरजेत क्रम बदलला तरी चालतं, इथे चालत नाही. म्हणून आकड्यांची अदलाबदल पकडली जाते. शिवाय प्रत्येक स्थानावर आकड्यांची वेगळी फिरवाफिरव असते, म्हणजे एकही उलटी जोडी निसटत नाही. एक आकडा चुकला तर तोही नक्की सापडतो.

तिने खरंच पुठ्ठ्याचा पंचकोन नेला होता. वहीच्या कव्हरचा. इंग्रजीत सुरुवात केली, पंचकोनाशी अडखळली, मग मराठीत गेली आणि सुसाट गेली. मावशीच्या यादीत नऊ क्रमांक चुकीचे सापडले असं तिने सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर माझ्याच वयाची एक बाई उठली. बँकांचं सॉफ्टवेअर करते. तिने शांतपणे विचारलं, "ती तीनशे मुलांची यादी तुझ्या लॅपटॉपवर आली कशी?"

व्हॉट्सअॅपवर. मावशीने पाठवली होती.

"आणि अजून आहे?"

होती. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. त्या बाईने मग तिला रागावून नाही, पण सोडूनही न देता समजावलं. लहान मुलांची नावं आणि आधार क्रमांक असे फोनांवरून फिरायला नकोत, २०१६ च्या आधार कायद्याने त्यावर बंधनं आहेत. तुझा प्रोग्राम चांगला आहे, पण तो यादीकडे गेला पाहिजे, यादी त्याच्याकडे येता कामा नये. आश्रमशाळेच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट न लावता उघडेल, काही साठवणार नाही, असा कर. दुसऱ्या एकाने आणखी एक खिळा ठोकला. क्रमांक ताळ्यात बसला म्हणजे तो त्याच मुलाचा आहे असं होत नाही, ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर मावशी बिनधास्त होईल.

जिना उतरताना ती रडली. मी तिला काही समजूत घालायला गेले नाही. चांदणी चौकापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "ताई, एवढं कॉलेजात कुणी विचारलंच नसतं. पीपीटी झाली की मार्क देतात."

मला इथे एआयबद्दलचं माझं मत सांगायचंय, म्हणजे संयोजकांचाही मान राहील. तो व्हर्हूफचा प्रोग्राम तिने एआयकडूनच लिहून घेतला होता. तिने तिथे उघड सांगितलं. काही सेकंदांत मिळाला आणि बरोबर होता. पण यादी कुठून आणलीस हे त्याने विचारलं नाही, आणि पपईच्या चिकाचं त्याला विचारायला हवं हे तिला सुचलं नसतं. कोड लिहिणं स्वस्त झालं, तसं कोणता लिहायचा आणि त्यावर आडवे प्रश्न कोण विचारणार, हे महाग झालंय. आपल्या मुलांना ते आडवे प्रश्न विचारणारी माणसं भेटत नाहीत. मोबाइलमध्ये सगळं शिकायला मिळतं, हे खरं आहे. पण मोबाइल तुमच्याकडे मान वळवून "मग तुमच्याकडे कसं चालतं?" असं विचारत नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव यादीत तळाला वाचायची आपल्याला इतकी सवय झालीय, की आपल्याकडे एखाद्याला हवी असलेली माहिती असू शकते हे आपल्यालाच खरं वाटत नाही.

पुढचं सांगते. तिने तो प्रोग्राम नव्याने लिहिला, ब्राउझरमध्ये उघडणारं एकच पान. त्या बँकवाल्या बाईने त्या चाळीस ओळींवर चोवीस शेरे मारले. मी ते पाहिले, मला आपल्या मराठीच्या बाईंची निबंधाची वही आठवली, लाल शाईत मूळ निबंध शोधावा लागायचा. तीन वेळा परत गेला, परत आला. जुनी यादी तिने माझ्यासमोर पुसली, मावशीलाही पुसायला लावली. आता तो दोन आश्रमशाळांत चालतो. वडील परवा भेटले. त्यांनी तो बिल्ला ट्रॅक्टरला लावलाय.

आता या भाषणामागचा खरा हेतू. तिला दर वेळी पुण्याला रात्रभर एसटीने का यायला लावायचं? शहाद्यात इंजिनिअरिंगची मुलं आहेत, नंदुरबारला आहेत, तळोद्या-नवापूरहून येणारी आहेत. बैठकीला लागतं काय? एक खोली, एक प्रोजेक्टर, चहा, आणि ज्याला काही येतं असं एक माणूस. आपल्या तुकडीत सॉफ्टवेअरवाले पाच आहेत, मी मोजले. शिवाय एक वीज मंडळात, दोन डॉक्टर, एक कृषी सेवा केंद्रवाला. यांच्याकडे प्रश्न आहेत, आणि बैठकीला प्रश्न आणणारा माणूस उत्तर आणणाऱ्याइतकाच लागतो.

मुख्याध्यापकांशी कालच बोलणं झालंय. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते एक, शाळेची कॉम्प्युटरची खोली. मी तीन महिन्यांतून एकदा स्वतः येईन, बाकीच्या वेळी पुण्याहून पडद्यावर, रेंज असली तर. पहिल्या बैठकीला ती मुलगी पंचकोन घेऊन येतेय आणि गणिताचे सर अध्यक्ष असतील, त्यांना मी अजून विचारलेलं नाही, आत्ता सांगतेय. सर्टिफिकेट मिळणार नाही, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवू. चहाचा खर्च आजच्या मेळाव्याच्या शिल्लक निधीतून करावा असा माझा प्रस्ताव आहे. प्रोजेक्टर द्यायला मागच्या रांगेतला आपला मंडपवाला मित्र तयार आहे, पडदा नाही, पण पूर्वेची भिंत पांढरी आहे आणि तिला एक हात चुन्याचा पुरेल. खोलीची चावी शिपाई मामांकडे असते, त्यांना रविवारी यायला कुणीतरी रीतसर विनंती करायला हवी, आणि त्यांचा त्या दिवसाचा भत्ताही ठरवायला हवा. ज्यांना नाव द्यायचं त्यांनी जेवणाच्या आधी माझ्याकडे द्या. जेवणानंतर तुम्ही सापडत नाही, हे मला १९९७ पासून माहीत आहे.